थाई मसाज की शियात्सू?

बँकॉक-टोकियोची सहल ठरवलेल्या मैत्रिणीला एकच मसाज परवडणार आहे: थाई किंवा जपानी पद्धतीचा शियात्सू. दोन्हींत तेल नाही, अंगावर सैल कपडे. मग फरक काय, हा तिचा प्रश्न. ‘विषद्रव्यं बाहेर पडतात’ हे फलक वाचून सोडून द्यायचे.

थाई पद्धतीत ओढणं, वाकवणं, पिळणं मुख्य. करणारा तळहात, कोपर, गुडघे, पाय सगळं वापरतो. शियात्सूत अंगठ्यांचा आणि तळहातांचा संथ दाब, तुम्ही जवळपास निपचित.

करणाऱ्याचा विचार कुणी करत नाही. थाईत भार अंगभर विभागतो, पण स्वतःची कंबर-गुडघे धड हवेत. शियात्सूत अंगाचं वजन टाकायचं तंत्र जमलं नाही, तर अंगठ्याचे सांधे कुरकुरतात.

शिकायचं असेल तर बँकॉकच्या वाट फो मंदिराच्या शाळेतला प्राथमिक अभ्यासक्रम 30 तासांचा. जपानमध्ये मात्र व्यवसायासाठी किमान तीन वर्षांचं शिक्षण आणि राष्ट्रीय परीक्षा.

दिवसभर खुर्चीत बसून आखडलेल्या, पण धडधाकट माणसाने थाई घ्यावा. हलकी झोप, शांतता हवी असेल तर शियात्सू. हाडं ठिसूळ असतील किंवा मणक्याची चकती सरकलेली असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा; थाईतली ओढाताण तर नकोच.