अंबडच्या लाइनवर गिग-ई कॅमेरे: पावसाळाभर वापरल्यानंतर

नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या आमच्या युनिटमध्ये बुशांची (धातूच्या छोट्या नळीसारख्या भागांची) तपासणी दोन गिग-ई कॅमेऱ्यांवर चालते, म्हणजे नेटवर्कच्या केबलवरून फोटो पाठवणाऱ्या कॅमेऱ्यांवर. पावसाळ्याआधी बसवले, आता दिवाळी तोंडावर आली. यूएसबी ३ घ्यावा की गिग-ई, या घोळात असलेल्यांसाठी लिहितोय.

जुन्या लाइनवर यूएसबी ३ आहे. वेगाला नावं ठेवायला जागाच नाही, सेकंदाला ३५० एमबी आरामात. पण साधी केबल ३ ते ५ मीटरपलीकडे भरवशाची नाही, आणि आमचं पॅनेल कन्व्हेयरपासून चांगलं १२ मीटरवर. मग पीसी मशीनला खेटून, कूलंटच्या तुषारांत. त्यात शेजारची व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारं यंत्र, विजेचा गोंगाट करणारं) सुरू झाली की कॅमेरा गायब! ऑपरेटर केबल उपसून पुन्हा खोचणार, तेव्हा कुठे चित्र येणार. स्क्रूने आवळायची केबल आणली. थरथरीने सुटणं थांबलं, व्हीएफडीचा ताप तसाच राहिला.

गिग-ईचा वेग यूएसबी ३ च्या तिसऱ्या हिश्शाइतका, सेकंदाला ११५ एमबीच्या आसपास. ५ मेगापिक्सेलचा ८ बिट मोनो (कृष्णधवल) फोटो साधारण ५ एमबीचा, म्हणजे सेकंदाला बावीस-तेवीस फोटो. आमच्याकडे सेकंदाला येतात दोन बुश. संपला हिशोब! केबल १०० मीटरपर्यंत चालते, पीओई (नेटवर्क केबलमधूनच वीज देण्याची सोय) असल्याने वीजही त्याच वायरीतून जाते, आणि पीसी आता पॅनेलमध्ये कोरडा बसलाय.

सगळं गोडगोड नाही. दोन्ही कॅमेरे स्विचमधून पीसीच्या एकाच पोर्टवर होते. एका ट्रिगरला (फोटो काढायच्या इशाऱ्याला) दोघांनी मिळून डेटा ओतला की पॅकेट (डेटाचे तुकडे) गळायची. कॅमेऱ्याच्या व्ह्यूअर सॉफ्टवेअरमध्ये रिसेंडचा (पुन्हा पाठवलेल्या पॅकेटचा) आकडा चढताना दिसायचा आणि अधूनमधून फोटोचा खालचा पट्टा काळा. जम्बो फ्रेम, म्हणजे पॅकेटचा आकार, ९००० बाइट केली (स्विचवरही करावी लागते, हे कोणी सांगत नाही), पॅकेटमधला डिले वाढवला, तरी थोडं उरलंच. शेवटी दोन पोर्टचं पीओई कार्ड टाकून प्रत्येक कॅमेऱ्याला स्वतंत्र पोर्ट दिला, तेव्हापासून शांतता. आरजे४५ (नेटवर्क केबलचा नेहमीचा प्लग) ची प्लास्टिकची खिटी मात्र शॉप फ्लोअरची वस्तू नव्हे. इथेही केबल स्क्रूवालीच घ्या, आणि शिल्डेड (विजेचा गोंगाट अडवणारं आवरण असलेली).

सातपूरला एका मित्राकडे पत्र्याच्या पृष्ठभागाची लाइन-स्कॅन (एकेक ओळ टिपत जाणारी) तपासणी कोएक्सप्रेसवर आहे, म्हणजे कोएक्सिअल केबलच्या जलद कॅमेऱ्यावर, एका केबलवर १२.५ गिगाबिट. त्याच्या वेगाला आमचा गिग-ई पुरलाच नसता. आमच्या मालकांनाही तसाच कॅमेरा हवा होता, त्याला लागणाऱ्या फ्रेम ग्रॅबर कार्डाचं (पीसीत फोटो घेणाऱ्या खास कार्डाचं) कोटेशन येईपर्यंत.