हळदीची हिशेबपट्टी आणि इंटेलिजे आयडियाची सरळ रेघ

सांगलीच्या हळद बाजारातील एका अडत दुकानासाठी हिशेबपट्टीचा प्रोग्रॅम जावा या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिताना मी इंटेलिजे आयडिया हा एडिटर दिवसभर वापरतो. त्यातील रंग आणि रेघा हा मला त्याचा सर्वांत मोलाचा भाग वाटतो. मात्र त्यांचा अर्थ समजून घेतला नाही, तर नवा माणूस प्रत्येक रेघेला चूक समजून घाबरतो.

लाल नागमोडी रेघ म्हणजे खरीच चूक, तर राखाडी पडलेले नाव म्हणजे कुठेही न वापरलेले व्हेरिएबल (प्रोग्रॅममध्ये एखादी किंमत, म्हणजे मूल्य, साठवणारे नाव). एवढे बहुतेकांना लवकर उमगते. गोंधळ होतो तो नावाखालच्या सरळ, बारीक रेघेने. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलीने 'वजन' या नावाखालची ती रेघ दाखवून विचारले, "सर, इथे काय चुकलंय? प्रोग्रॅम तर चालतोय." चुकलेले काही नसते, त्या व्हेरिएबलला एकदा किंमत दिल्यानंतर पुढे ती पुन्हा बदलली आहे, एवढेच ती रेघ सांगते.

त्या दिवशी मात्र रेघेचा माग काढणे कामी आले. नावावर कर्सर ठेवला की त्याचे सगळे उल्लेख उजळतात, आणि किंमत नुसती वाचली जाते तिथली छटा व बदलली जाते तिथली छटा वेगळी असते. 'वजन' दोन ठिकाणी बदलत होते: वर पोत्यांचे वजन वजा केले होते आणि खाली, हमालीच्या ओळींनंतर, तेच पुन्हा वजा झाले होते. ही पट्टी तशीच छापली गेली असती, तर शेतकऱ्याच्या हातात कमी रक्कम पडली असती. आम्ही 'निव्वळवजन' असे वेगळे व्हेरिएबल केले, दुसरी वजाबाकी काढून टाकली आणि रेघ नाहीशी झाली.

या रेघेचा आणखी एक उपयोग आहे. २०१४ मध्ये आलेल्या जावा ८ पासून लॅम्डा, म्हणजे नाव न देता जागच्या जागी लिहिलेली छोटी फंक्शने, वापरता येतात, पण ज्याची किंमत पुन्हा बदलली आहे असे स्थानिक व्हेरिएबल लॅम्डाच्या आत चालत नाही; तिथे थेट लाल रेघ उमटते. सरळ रेघ दिसली की ही अडचण आधीच ओळखता येते.

'हमाली', 'तोलाई' यांसारखी नावे आपण रोमन लिपीत लिहितो, तेव्हा ती इंग्रजी शब्दकोशात नसल्यामुळे त्यांखाली हिरवी नागमोडी रेघ येते. ऑल्ट आणि एंटर दाबून शब्द शब्दकोशात टाकला की ती जाते, आणि हे काम पहिल्याच दिवशी उरकून घ्यावे, कारण हिरव्या रेघांच्या गर्दीत कामाची सरळ रेघ नजरेतून सुटते. प्रत्येक व्हेरिएबलला स्वतंत्र रंग देण्याची सोयही आहे, जी सेटिंगमधून मुद्दाम सुरू करावी लागते. लांबलचक पट्टीच्या हिशेबापुरती मी ती लावतो, एरवी बंदच ठेवतो.