रोलीफ्लेक्स घ्यायचा की रोलीकॉर्ड?

पहिल्यांदाच जुना ट्विन लेन्स (एकावर एक दोन लेन्स असलेला) फिल्म कॅमेरा घेत असाल तर रोलीकॉर्ड घ्या, आणि वाचलेले पैसे सर्व्हिसिंग आणि रोलवर घाला. का ते सांगतो.

मुळात दोघं एकाच घरचे. जर्मनीत ब्राउनश्वाइगला पाउल फ्रांके आणि राइनहोल्ड हायडेके यांनी १९२० मध्ये कंपनी काढली, १९२९ ला रोलीफ्लेक्स आणला, आणि तो महाग पडतो म्हणून १९३३ ला त्याचा स्वस्तातला भाऊ रोलीकॉर्ड. म्हणजे ही नक्कल नाही, त्याच कारखान्यातला माल आहे. दोन्हीत १२० नंबरचा फिल्म रोल, ६ बाय ६ सेंटीमीटरचे १२ फोटो.

खरा फरक हातात घेतल्यावर कळतो. १९३७ च्या ऑटोमॅट मॉडेलपासून रोलीफ्लेक्सचा क्रँक (बाजूचा दांडा) पुढे फिरवून मागे आणला की रोल सरकतो आणि शटरपण कॉक होतं, म्हणजे पुढच्या फोटोसाठी ताणून तयार होतं, पहिला फोटो कुठे सुरू करायचा तेसुद्धा तो रोलच्या सुरुवातीचा नुसता कागद संपून फिल्म आल्याची जाडी ओळखून स्वतःच ठरवतो (रोल ती जाडी ओळखणाऱ्या छोट्या रोलरखालून घ्यायला विसरलात तर मात्र अख्खा रोल सरकत जातो!). रोलीकॉर्डला नॉब फिरवायचा, मग लेन्सखालची पट्टी एका बाजूला ढकलून शटर कॉक करायचं, तीच उलट ढकलली की क्लिक. बातमीच्या कामात ही एक पायरी वाचणं फार मोठं, आपल्या मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेल्या वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला रोलीफ्लेक्स वापरायच्या ते उगाच नाही. पण घरातली माणसं, देऊळ, झाडं निवांत टिपायची असतील तर रोलीकॉर्डची ती सावकाश चाल मला जास्त आवडते.

लेन्सचं म्हणाल तर जुन्या रोलीकॉर्डमधली ट्रायोटार तीन काचांची, अॅपर्चर (लेन्समधलं प्रकाशाचं भोक) पूर्ण उघडं ठेवलं तर फोटोच्या कडेला मऊ, थोडी धूसर पडते, त्यामुळे झेनार लेन्सवालाच शोधा, ती चार काचांची आहे. अॅपर्चर एफ ८ इतकं बारीक केलं तर प्लॅनार लेन्सवाल्या रोलीफ्लेक्सच्या निगेटिव्हशेजारी निगेटिव्ह ठेवलं तरी मला तरी चटकन फरक सांगता येत नाही.

कुठलाही घ्या, १ सेकंदावर शटर सोडून कान द्या, घरघर मध्येच अडखळली तर आधी सर्व्हिसिंगचा खर्च धरा. आणि लेन्समधून टॉर्च मारून बघाच, आपल्याकडच्या पावसाळ्यात कपाटात पडून राहिलेल्या कॅमेऱ्यात बुरशीचे कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे असतात, ते दिसले तर कितीही स्वस्त असला तरी सोडून द्या.