माळ्याच्या झरोक्यांना जाळी बसवणाऱ्याने मामांना कसं गंडवलं, वाचा आणि सावध रहा

गोव्यात मोरजीला मामांचं जुनं कौलारू घर आहे, मामा मामी दोघंच राहतात. मे महिन्यात कौलं परतायच्या टायमाला एकजण आला, गळ्यात आयकार्ड, हातात टॅब, म्हणे फ्री इन्स्पेक्शन. माळ्यावर चढला, लगेच खाली उतरला आणि फोटो दाखवले, लेंड्या, कुरतडलेली वायर, आणि म्हणे झरोक्यातून उदमांजर शिरलंय, पावसात शॉर्टसर्किट होऊन आग लागेल. मामी घाबरली. १८,००० रुपयांत सगळ्या झरोक्यांना एसएस ३१६ ची (सहसा न गंजणाऱ्या स्टीलची) जाळी, फटी बंद आणि वर वर्षभराचं मेंटेनन्स, सगळं कॅश. मामांनी बिल मागितलं तर म्हणे बिलावर जीएसटी वेगळा पडेल काका, कशाला उगाच.

चवथीला आम्ही गेलो तर माळ्यावरून घाण वास, आणि माटोळीची (गणपतीच्या वर टांगतात ती) फळं एका रात्रीत कुरतडलेली. वर चढून बघतो तर जाळी कसली, नायलॉनची, चंदेरी रंग मारलेला, उंदरांनी आरपार भोक पाडलेलं. समुद्राकडच्या झरोक्याला मात्र लोखंडी होती, ती एका पावसात गंजून लाल. फटींत फोम भरला तेव्हा आत काय आहे ते बघितलंच नव्हतं, उंदीर आतच मेले होते. आणि आढ्याजवळचे वाऱ्याचे झरोके पण फोमने गच्च बुजवलेले, हवा खेळायची बंद, वाशांवर बुरशी! मग त्याने व्हॉट्सअॅपवर पाठवलेले फोटो परत नीट बघितले, त्यात छताला लोखंडी पाइप दिसत होते, मामांच्या छताला सगळं लाकूड आहे हो. दुसऱ्याच कुणाच्या तरी घराचे फोटो.

म्हणून सांगतो, फोटो दाखवला की आधी वासे बघा, तुमचेच आहेत का. जाळीला मॅग्नेट लावा, घट्ट चिकटला तर ती एसएस ३१६ नाही. पण नाही चिकटला म्हणून लगेच खूश होऊ नका, नायलॉनलाही चिकटत नाही, कडेला सुरी मारून बघा. भोकं ६ मिमीच्या वर नकोत, त्याहून मोठ्या फटीतून उंदराचं पिल्लू आरामात शिरतं. आणि उदमांजर म्हणाला तर लेंडी दाखवायला सांगा, त्यात फळांच्या बिया दिसतात, उंदराची भाताच्या दाण्याएवढी असते. खरंच उदमांजर असेल तर वन खात्याला फोन करायचा, १९७२ च्या कायद्याने त्याला संरक्षण आहे, कुणी विष घालतो म्हणाला तर घरातच घेऊ नका.

आता गावच्या सुताराकडूनच केलं, म्हापशाहून जाळी आणली, झरोक्यात दोन-तीन रात्री चुरगळलेला पेपर कोंबून ठेवला, तो हलला नाही, म्हणजे आत कुणी नाही, तेव्हाच जाळी वॉशर लावून स्क्रूने बसवली. कौलांवर टेकलेली आंब्याची फांदी पण कापली, उंदरांचा हायवे तोच होता. कौलं परतताना एकदा आणि दसऱ्यानंतर एकदा सुतारच वर चढून बघणार.

त्या माणसाचा फोन बंद आहे. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला तक्रार केलीय, पण बिल नाही म्हटल्यावर हातात फक्त व्हॉट्सअॅप चॅट, तेवढंच जोडलंय. पेडण्यात आणखी दोन घरांत हेच फोटो दाखवलेत असं कळलं, तेच लोखंडी पाइप. तुमच्याकडे आला तर नंबर देऊ नका, गाडीचा फोटो काढून ठेवा.