ब्रेड: परातीत मळावा की मशीनमध्ये?

साहित्य दोन्हीकडे तेच: ५०० ग्रॅम मैदा, साधारण ३०० मिली पाणी, १० ग्रॅम मीठ, ५ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट.

ब्रेड मशीन पीठ मळण्यापासून भाजण्यापर्यंत सगळं स्वतःच करतं. त्यात सगळं घालून बटण दाबलं की तीन-चार तासांत ब्रेड तयार. रात्री टायमर लावला तर सकाळी गरमागरम. फक्त तेव्हा दूध घालू नका, नासतं. पण मशीन घड्याळावर चालतं, पिठाकडे पाहत नाही. मे महिन्यात मुंबईच्या उकाड्यात पीठ ठरल्या वेळेआधीच फुगतं आणि भाजताना ब्रेड मध्येच खचतो. शिवाय ब्रेडच्या तळाला मळणाऱ्या पात्याचं भोक पडतं. मधेच वीज जास्त वेळ गेली, तर मांडलेलं सगळं वाया.

हाताने दहा-बारा मिनिटं मळावं लागतं. रोज कणीक तिंबणाऱ्याला त्याचं काय! पीठ हाताला चिकटलं तरी वरून मैदा भुरभुरवत बसू नका, ब्रेड घट्ट होतो. दुप्पट फुगलं की पुढचं काम, मग तास लागो वा दोन. लादीपाव करा, नाहीतर गोल ब्रेड. ओव्हन मात्र हवा.

रोज सँडविचचे डबे भरायचे असतील तर मशीन घ्या. रविवारच्या हौसेला परात पुरे. मशीन आधीच घरात असेल, तर त्यात नुसतं पीठ मळून घ्यावं आणि भाजावं ओव्हनमध्ये. मला तरी हेच पटतं.