गाडी जास्त तापतेय: ऑइल कूलर लावावा की मिक्स्चर नीट करावं?

एअर-कूल्ड, कार्बोरेटरची एक सिलिंडरची गाडी तापायला लागली की माणूस शेवटी दोन पर्यायांपाशी येऊन थांबतो. एक तर बाहेरून ऑइल कूलर, म्हणजे इंजिनाचं ऑइल वाऱ्यावर गार करणारी छोटी जाळी, लावायचा, नाहीतर कार्बोरेटर उघडून हवा-पेट्रोलाचं मिक्स्चर तपासायचं. मी एकाच गाडीवर दोन्ही करून पाहिलं आहे. आधी कूलर लावला, जवळपास वर्षभर वापरला, मग कार्बोरेटरकडे वळलो. लिक्विड-कूल्ड गाड्यांचं दुखणं वेगळं असतं, त्यांचा पंखा, थर्मोस्टॅट आणि कूलंट आधी बघावं लागतं, म्हणून त्या इथे घेत नाही.

माझ्या गाडीचं दुखणं असं होतं. गार इंजिनावर सगळं छान. एका वेगात सलग तासभर चालवली की चढावर रेस देताच हेडमधून (सिलिंडरच्या वरच्या भागातून) नॉकिंगचा, म्हणजे पेट्रोल अवेळी पेटल्याचा, बारीक टिकटिक आवाज यायचा. थांबलो की न्यूट्रल सापडायचं नाही, पाय वर-खाली करत बसायचं. रेस सोडल्यावर स्लो (रेस न देता इंजिन फिरतं तो वेग) लगेच खाली न येता दोन-तीन सेकंद वरच रेंगाळायचा. हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा. मी तेव्हा त्याकडे दुर्लक्ष केलं, आणि खरं उत्तर तिथेच होतं.

गाडी खरंच जास्त तापते की तसं फक्त वाटतं, हे ठरवणं सोपं नाही. पोटरीला झळ लागणं हा पुरावा नाही. फिन्सवर, म्हणजे इंजिनाच्या बाहेरच्या गार करणाऱ्या पट्ट्यांवर, पाण्याचा थेंब टाकून तो चुरचुरतो का, हेही फार उपयोगाचं नाही, कारण धडधाकट इंजिनाचं हेडसुद्धा 100 अंश सेल्सिअसच्या बरंच वर जातं. मी लेझरवाली तापमानाची गन घेऊन पाहिली. उघड्या ॲल्युमिनिअमवर तिने इतका कमी आकडा दाखवला की इंजिन जेमतेम कोमट असल्यासारखं वाटावं. त्याच जागी काळी टेप चिकटवली तर आकडा एकदम वर गेला. चकचकीत धातू उष्णता फार कमी उत्सर्जित करतो, म्हणून गन फसते. गन वापरायची असेल तर काळ्या रंगाच्या भागावरच धरा. मी मात्र नंतर आकडे सोडूनच दिले. नॉकिंग, न्यूट्रल, जळक्या ऑइलचा वास आणि प्लगचा रंग या चार गोष्टींवर भरवसा ठेवला. खाली जे लिहितो आहे ते त्यांच्याच जोरावर, प्रयोगशाळेतलं माप म्हणून ते घेऊ नये.

आधी कूलर. ही वस्तू नावं ठेवण्यासारखी नाही. 1985 ची सुझुकी जीएसएक्स-आर 750 रेसिंगच्या जवळ जाणारी गाडी होती, आणि तिचं इंजिन पाण्याशिवाय, मुख्यतः ऑइलच्या जोरावर गार ठेवलेलं होतं. भरपूर ऑइल हेडमध्ये आणि पिस्टनच्या खालच्या बाजूला फवारायचं आणि समोरच्या मोठ्या कूलरमध्ये ते थंड करायचं, अशी ती रचना. रॉयल एनफिल्डच्या 411 सीसी हिमालयनलाही कारखान्यातूनच ऑइल कूलर होता. म्हणजे कल्पना पक्की आहे. फरक एवढाच, की त्या इंजिनांमध्ये पंप, ऑइलचे मार्ग आणि कूलरची जागा हे सगळं एकमेकांना धरून आखलेलं असतं. आपण नंतर लावतो तेव्हा आखलेल्या इंजिनाला एक जोड देत असतो.

माझ्या किटमधल्या दोन्ही नळ्या ऑइल फिल्टरच्या झाकणातून निघत होत्या. हा प्रकार त्यातल्या त्यात बरा. काही किट हेडकडे जाणाऱ्या नळीतूनच ऑइल वळवून घेतात. त्यात व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्ट आणि रॉकरपर्यंत पोचण्याआधी ऑइलला सगळा कूलर पार करावा लागतो. तसं किट मी तरी माझ्या गाडीला लावणार नाही.

कूलरचा फायदा झाला का? हो, झाला. मोकळ्या रस्त्यावर सलग चालवताना न्यूट्रल पुन्हा सापडायला लागलं, गिअर मऊ पडू लागले. ऑइल जास्त गरम झालं की पातळ होतं, क्लच नीट सुटत नाही आणि गिअर अडखळतात. ते थांबलं, म्हणजे ऑइल नक्कीच थोडं गार राहत होतं. नॉकिंग मात्र तसंच राहिलं, फार तर थोडं उशिरा सुरू व्हायचं. आणि गर्दीत, जिथे गाडी एकाच जागी फुरफुरत उभी राहते, तिथे काडीचाही फरक पडला नाही. ते स्वाभाविकच आहे. कूलरलाही वाराच लागतो, आणि वारा नसताना तो म्हणजे ऑइलने भरलेली एक जास्तीची पेटी.

एवढ्यावर मी कूलर काढला नसता. काढायला लावलं ते एका पाझराने.

नळी जिथे झाकणाला जोडली जाते तिथे बँजो बोल्ट, म्हणजे आतून ऑइल जाऊ देणारा पोकळ बोल्ट, असतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना तांब्याचे वॉशर. लावल्यावर दोनेक महिने सांधा कोरडा होता. मग एक दिवस बोट फिरवलं तर ओलसर लागलं. गळती म्हणावी असं काही नव्हतं, जमिनीवर थेंब पडत नव्हता, ऑइलची पातळीही कमी होत नव्हती. नुसता घाम. बोल्ट थोडा आवळला, आठ दिवस थांबला, पुन्हा आला. जास्त आवळायची भीती, कारण झाकण ॲल्युमिनिअमचं, आटे गेले तर सगळंच गेलं. वॉशर बदलले. नवे मिळाले नाहीत तेव्हा जुने ज्योतीवर लालसर होईपर्यंत तापवून पाण्यात टाकले. तांबं तसं केल्यावर पुन्हा मऊ होतं आणि सांध्यात नीट बसतं. तेवढ्याने महिना-दीड महिना निघायचा. पण एक सिलिंडरच्या इंजिनाचा थरथराट काही थांबत नाही, आणि लांब नळीच्या टोकाला जड कूलर लटकलेला असला की तो थरथराट सांध्यावरच येतो.

घाम आला तर पुसून टाकावा, असं कुणीही म्हणेल, मीही तेच करत होतो. पण चालत्या गाडीवर ते ऑइल वाऱ्याबरोबर मागे पसरायचं, सिलिंडरच्या पुढच्या फिन्सवर. त्यावर धूळ बसायची. काही आठवड्यांनी बघितलं तर पुढच्या चार-पाच फिन्सच्या फटींत काळा, घट्ट लेप जमलेला. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने खरवडला तर साल निघावी तशी पट्टी निघाली. ज्या फटींतून इंजिनाला सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त वारा मिळायचा, त्याच बुजल्या होत्या. गार करायला लावलेली वस्तू इंजिनाच्या अंगावर गोधडी घालत होती. दर पंधरा दिवसांनी गुडघ्यावर बसून डिझेल आणि दातांच्या जुन्या ब्रशने त्या फटी साफ करायच्या, हे मला सोसेना. तुमच्या किटचे सांधे कोरडे राहिलेही असतील, नळ्यांना मध्ये आधार दिला असेल तर कदाचित राहतीलही. माझे राहिले नाहीत.

मग कार्बोरेटर उघडला. गाडीला आधीच्या मालकाने मोकळा सायलेन्सर आणि जास्त हवा घेणारा फिल्टर लावलेला होता, आणि पेट्रोलाच्या बाजूला काहीच बदललं नव्हतं. हवा वाढली, पेट्रोल तेवढंच. पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने साधारण 14.7 भाग हवेला 1 भाग पेट्रोल लागतं, आणि जोर लावताना इंजिनाला त्याहून जास्त पेट्रोल हवं असतं, साधारण 12.5 ते 13 ला 1. ते जास्तीचं पेट्रोल वाफ होताना आतून गारवा देतं. ते कमी पडलं की गारवा जातो, जळणही रेंगाळतं, आणि सगळा ताप हेड आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या वाट्याला येतो. पेट्रोलात एथनॉल मिसळलेलं असेल तर मिक्स्चर आणखी लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल आणखी कमी पडतं, कारण एथनॉलला जळायला हवा कमी लागते आणि पेट्रोल सोडणारं बारीक भोक, म्हणजे जेट, तर ठरलेल्या मापाचंच असतं.

लीन म्हटलं की सगळे मेन जेटच्या मागे लागतात. मीही एक मोठं जेट टाकलं. पूर्ण रेसवर गाडी छान ओढायला लागली, पण सलग चालवल्यावरचा ताप तसाच. कारण सरळ आहे: मेन जेटची सत्ता शेवटच्या पाव रेसवर. एका वेगात चालताना आपण पाव ते अर्ध्या रेसवर असतो, आणि तिथला कारभार नीडलचा, म्हणजे रेसबरोबर वर-खाली होणाऱ्या सुईचा. नीडलच्या वरच्या टोकाला खाचा असतात आणि एका खाचेत क्लिप. क्लिप एक खाच खाली सरकवली की नीडल वर उचलली जाते आणि पेट्रोल वाढतं. माझी क्लिप वरून तिसऱ्या खाचेत होती, ती चौथ्या खाचेत घातली. करंगळीच्या नखाहूनही लहान क्लिप, चिमट्याने धरून बसवायची, उडाली तर शोधत बसायचं, म्हणून खाली पांढरं फडकं अंथरा. काही नीडलना एकच खाच असते, तिथे क्लिपखाली अर्ध्या मिलिमीटरचा बारीक वॉशर घातला तरी तेच काम होतं.

त्या वेळी कार्बोरेटर आणि हेड यांच्यामधला मॅनिफोल्डचा रबरही हातात आला. वाकवून पाहिला तर खालच्या बाजूला केसासारखी चीर. त्यातून चोरून हवा जात होती, म्हणूनच रेस सोडल्यावर स्लो रेंगाळायचा. तुम्हाला तपासायचं असेल तर गाडी स्लोवर ठेवून रबरावर थोडं पाणी फवारा. स्लोचा आवाज बदलला तर चीर आहे असं समजा.

रबर बदलला, क्लिप सरकवली. पुढच्या लांब प्रवासात, त्याच चढावर, त्याच ओझ्यासह, टिकटिक आली नाही. मी मुद्दाम वरच्या गिअरमध्ये राहून रेस दिली, तरी नाही. प्लग आधी खडूसारखा पांढरा निघायचा, आता दुधाच्या चहासारखा तपकिरी निघतो. त्यानंतर कूलर काढून पुन्हा तोच रस्ता केला, आणि न्यूट्रल सापडत राहिलं.

या वाटेलाही काटे आहेत, ते लपवत नाही. वेळ जातो. एका बैठकीत जमेल असं वाटतं आणि तीन सुट्या खर्ची पडतात. प्लगचा रंग बघायचा तर नवा प्लग लावून ठरलेल्या रेसवर काही किलोमीटर चालवायचं, मग क्लच दाबून तिथेच इंजिन बंद करायचं, आणि रस्त्याच्या कडेला तापलेला प्लग काढायचा. ॲव्हरेज थोडं उतरतं, माझंही उतरलं. आणि उत्साहात रिच फार केलं, म्हणजे पेट्रोल फार वाढवलं, तर प्लग काजळतो, शिवाय न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली ऑइलमध्ये मिसळतं. एका वेळी एकच खाच, एकच जेट.

दोन्हींच्या आधी करण्यासारखी कामं पटकन सांगतो. टॅपेट (व्हॉल्व्हवरची ठरलेली फट) गार इंजिनावर तपासा. एक्झॉस्टचा टॅपेट घट्ट असेल तर व्हॉल्व्ह सीटवर पुरता बसत नाही, आणि त्याला आपली उष्णता टाकायची मुख्य जागा तीच असते. ब्रेक घासतोय का, चेन फार ताणलीय का, हे चाक हाताने फिरवून कळतं. ऑइल कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच घाला, आणि ओला (इंजिनाच्या ऑइलमध्येच फिरणारा) क्लच असेल तर डब्यावर जासो एमए, हा ओल्या क्लचला चालणाऱ्या ऑइलचा दर्जा, लिहिलेला बघा. प्लगचा नंबर बदलून गार करायच्या फंदात पडू नका, आणि पडलात तर एवढं ध्यानात असू द्या की एनजीकेत मोठा नंबर गार प्लगचा आणि बॉशमध्ये मोठा नंबर गरम प्लगचा.

कूलर कुणी घ्यावा? ज्यांचं मिक्स्चर, टॅपेट आणि रबर ठीक आहे हे पाहून झालंय, आणि तरीही ज्यांना तासन्‌तास सामान लादून उन्हात वेगात चालवायचं असतं, त्यांना तो उपयोगी पडेल. इंजिनालाच कंपनीने कूलरची जागा दिली असेल तर आणखी चांगलं. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत क्लिप नाही आणि जेट नाही. शिवाय तिथला ऑक्सिजन सेन्सर सलग चालताना मिक्स्चर 14.7 कडेच ओढत राहतो. त्यामुळे तिथे माझा अनुभव निम्माच लागू पडतो, आणि कूलरचं पारडं जड होऊ शकतं. थंड हवेत रोज जेमतेम दोन-चार किलोमीटर चालवणाऱ्याने मात्र थर्मोस्टॅट नसलेला कूलर लावू नये. ऑइल पुरेसं तापलंच नाही तर त्यात धरलेलं पाणी उडून जात नाही, आणि ऑइल भरायच्या झाकणाखाली पांढरट साय जमते.

बाकी, कार्बोरेटरची गाडी असेल, फिल्टर किंवा सायलेन्सर बदललेला असेल आणि रेस सोडल्यावर स्लो रेंगाळत असेल, तर मी आधी मॅनिफोल्डचा रबर काढून उजेडात वाकवून बघेन. माझा कूलर नळ्यांसकट गुंडाळून ठेवला आहे. झाकणाच्या जागी मूळचं झाकण परत बसवलं, कूलरपुरतं जास्त घातलेलं पाव लिटर ऑइल कमी केलं, आणि पुढच्या फिन्स शेवटच्या एकदा घासून काढल्या. आता बोट फिरवलं तर फक्त कोरडी धूळ लागते.