स्मॅचसोबत आठ महिने: कर्नलमध्ये पाणी कुठे मुरतंय ते शोधताना

लिनक्स कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, ड्रायव्हर कोडवर मी गेले आठ महिने स्मॅच चालवतोय; कोड न चालवता, नुसता वाचून चुका शोधणारं हे टूल. मेमरीच्या चुका शोधायला त्याचा खरंच उपयोग होतो, आणि भरपूर होतो. पण तो बोट दाखवून थांबतो. पुढचा माग आपणच काढायचा, आणि सगळा वेळ जातो तो तिथेच.

डॅन कार्पेंटर यांचं हे टूल लिनस टॉरवाल्ड्स यांनी 2003 मध्ये सुरू केलेल्या स्पार्स या कोड तपासणाऱ्या टूलच्या पायावर उभं आहे. सुटी फाइल तपासायला फारशी तयारी लागत नाही. एका फंक्शनमध्ये घडलेलं दुसऱ्यात कळावं म्हणून मात्र डेटाबेस बांधावा लागतो. त्यात तासन् तास जातात, आणि प्रत्येक फेरीत माहिती कॉलच्या एकाच पायरीने पुढे सरकते. मी सुरुवातीला एकच फेरी केली आणि यात फारसं काही सापडत नाही असं ठरवून मोकळा झालो. ती माझी घाई होती. चार-पाच फेऱ्या झाल्याशिवाय या टूलबद्दल मत बनवू नका.

सगळ्यात मोलाची वॉर्निंग एका नेटवर्क ड्रायव्हरच्या रिमूव्ह फंक्शनमध्ये, म्हणजे ड्रायव्हर काढताना चालणाऱ्या कोडमध्ये, मिळाली. तिथे फ्री_नेटडेव्ह (नेटवर्क डिव्हाइसची मेमरी सोडणारा कॉल) झाल्यावर पुढच्याच ओळीत प्रिव्हमधला, म्हणजे ड्रायव्हरच्या खासगी डेटामधला, क्लॉक बंद केला होता. मी ती ओळ तीनदा वाचली, चूक दिसेना, कारण प्रिव्हवर केफ्री (मेमरी सोडण्याचा नेहमीचा कॉल) कोणी केलंच नव्हतं. मेख अशी की नेटवर्क डिव्हाइसचं स्ट्रक्चर आणि ड्रायव्हरचा खासगी डेटा एकाच अ‍ॅलोकेशनमध्ये असतात. डिव्हाइस गेलं की प्रिव्हही गेलं. स्मॅचमध्ये या चुकीसाठी वेगळी तपासणीच आहे. कासान हा कोड चालताना मेमरीच्या चुका पकडणारा तपासनीस कर्नलच्या 4.0 आवृत्तीपासून, म्हणजे 2015 पासून, कर्नलमध्ये आहे आणि तोही हे पकडतो, पण ती ओळ प्रत्यक्ष चालली तरच. प्रोब (डिव्हाइस सुरू करणारं फंक्शन) अर्धवट फसला किंवा मॉड्यूल काढलं, तर कोड ज्या वाटेने जातो ती वाट टेस्टमध्ये क्वचितच चालते. स्मॅच नेमका तिथे पोचतो.

खोट्या वॉर्निंगही येतात. सर्वांत जास्त त्रास रेफरन्स काउंटचा, म्हणजे एखादी मेमरी किती जण धरून आहेत त्या मोजणीचा: गेट ती एकाने वाढवतो, पुट एकाने कमी करतो. पुट म्हणजे मेमरी सुटलीच असं नसतं, काउंट शून्यावर आला तरच ती सुटते. कॉल करणाऱ्याने स्वतःचा रेफरन्स आधीच धरलेला असेल तर पुढचा वापर बिनधोक. हे ठरवायला मी कागदावर लिहून काढतो: गेट कुठे, पुट कुठे, कोणत्या लॉकखाली, आणि एरर आल्यावर पुढच्या लेबलवर उडी मारणाऱ्या प्रत्येक गोटूवर काउंट किती. एकदा अशीच एक वॉर्निंग खोटी ठरवायला बसलो होतो. मुख्य वाट बरोबर निघाली, पण एका एरर वाटेवर गेट होण्याआधीच गोटू होता आणि लेबलखाली पुट मात्र होत होता. वॉर्निंग होती वेगळ्याच ओळीवर, बग निघाला तिच्या वर बारा ओळी.

पॉइंटर, म्हणजे मेमरीचा पत्ता, शून्य आहे का हे तो वापरून झाल्यावर तपासलं की येणारी 'आधी वापर, मग शून्याची तपासणी' ही वॉर्निंग किरकोळ वाटते, म्हणून लोक ती सोडून देतात. सोडू नका. 2009 मध्ये टन या आभासी नेटवर्कच्या ड्रायव्हरमध्ये हेच झालं. पॉइंटर आधी वापरलाय म्हणजे तो शून्य नसणारच, असं धरून जीसीसी कंपायलरने पुढची तपासणीच उडवली आणि साध्या युजरला रूट, म्हणजे सर्वाधिकारी युजर, होण्याची वाट मिळाली. त्यानंतर अशा तपासण्या कंपायलरने काढू नयेत यासाठीचा पर्याय कर्नलच्या बिल्डमध्ये आला. ही वॉर्निंग गप्प करायला तपासणी पुसून टाकणं सगळ्यात सोपं, आणि मला त्याचीच सगळ्यात जास्त भीती वाटते. पॉइंटर शून्य येऊ शकतो का, हे कॉल करणाऱ्या प्रत्येक जागी जाऊन बघावंच लागतं.

एकाच वेळी चालणाऱ्या दोन थ्रेडच्या शर्यतीतून होणारे सुटलेल्या मेमरीचे वापर स्मॅचला फारसे दिसत नाहीत, त्यासाठी कासान सुरू ठेवून ताण देणाऱ्या टेस्ट चालवतो. जुन्या वॉर्निंगचा ढीग बाजूला ठेवून सध्या प्रत्येक पॅचच्या आधीचं आणि नंतरचं आउटपुट ताडून बघतो. नवीन काही दिसलं तर छडा लागेपर्यंत तो पॅच पुढे पाठवत नाही.